आठ महिने रविवारी संग्रहालयं: एका निवृत्त फिटरचा अनुभव

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो तेव्हा मुलाने घरातलं एक काम माझ्या नावावर लावून दिलं. महिन्यातून एक-दोन रविवार पोरांना घराबाहेर काढायचं. पोरं म्हणजे नात, सहावीत, आणि नातू, दुसरीत. मॉलमध्ये मला करमत नाही आणि बागेत त्यांना. म्हणून जुलैत संग्रहालयं आणि विज्ञान केंद्रं सुरू केली. आता मार्च संपत आला. एकूण अकरा फेऱ्या झाल्या, त्यातल्या तीन त्याच जागी पुन्हा.

आधी निकाल सांगून टाकतो. पैसे वसूल आहेत, पण पाय दुखतात. आणि एका दिवसात दोन ठिकाणं करायला जाऊ नका. आम्ही पहिल्याच रविवारी ती चूक केली आणि दुपारी तीन वाजता नातू एका तोफेला टेकून झोपला.

सुरुवात केली घराजवळच्या, पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून. बाजीराव रस्त्यावर इतकी वर्षं येऊन-जाऊन राहिलो, आत कधी गेलो नव्हतो. दिनकर केळकरांचा चष्म्यांचा धंदा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करायचे. लहानपणी गेलेल्या मुलाची, राजाची, आठवण म्हणून संग्रहाला त्याचं नाव दिलं. पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत म्हणतात, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तरी पुष्कळ होतात.

पहिल्या फेरीत मी पोरांना घेऊन एकेका दालनापुढे उभा राहिलो, पाटी वाचली, पुढे गेलो. तासाभरात पोरं कंटाळली. मी मनात तीन तारे देऊन मोकळा झालो होतो. ऑक्टोबरात सौ. म्हणाली, मीही येते. तिला घेऊन गेलो आणि संग्रहालयच बदललं. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी ती थांबली ती अर्धा तास हलेना. कुठला सोऱ्या शेवेचा, कुठला चकलीचा, तिच्या आजोळी असलेलं पितळी भांडं कोणतं आणि ते चिंचेने घासायला कोणाला बसवायचे. वज्री म्हणजे काय हे नातीला माहीत नव्हतं. टाच घासायची वस्तू, पण वर मोर नाहीतर पोपट बसवलेला. ‘आजी, टाच घासायला एवढं नक्षीकाम कशाला?’ तर आजी म्हणाली, ‘रोज हातात घ्यायची वस्तू चांगली दिसायला नको का?’ पाटीवर हे कुठे लिहिलेलं नाही.

मला तिथे आवडले ते अडकित्ते. किती तऱ्हेचे असावेत! नातीच्या शाळेत तरफ नुकतीच होऊन गेली होती. तिने पुस्तकातलं म्हणून दाखवलं की टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला, म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. बरोबर. मग मी विचारलं, सुपारी टेकूच्या जवळ का धरायची? ती दोन मिनिटं काचेला नाक लावून उभी राहिली आणि म्हणाली, ‘कमी जोर लागतो.’ घरी आल्यावर माझा अडकित्ता घेऊन तिने अर्धी वाटी सुपारी फोडली. सुपारी खात कोणी नाही, तो डबा अजून तसाच आहे.

तर या जागेला दुसऱ्या फेरीनंतर साडेचार तारे. वरच्या मजल्यावर चढताना गुडघ्यांना त्रास होतो, तेवढा अर्धा कापला. घरातलं एखादं म्हातारं माणूस बरोबर न्याच. तेच तुमचं मार्गदर्शक.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तर माझ्या हौसेचं. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. अर्ध्या तासाच्या आसपासचा खेळ असतो. एक अख्खं छोटं शहर, त्यात गाड्या, सिग्नल, सर्कस, पोहण्याचा तलाव. मग दिवे मालवतात आणि खेळण्यातलं शहर रात्रीचं होतं. नातू त्या क्षणी ‘आ’ करून बसला होता. मी मात्र रुळांकडे बघत होतो. या गाड्यांना करंट रुळातूनच मिळतो, त्यामुळे रुळावर नुसती धूळ बसली की गाडी अडखळते. आमच्यासमोर एकदाही अडखळली नाही. म्हणजे रोज कोणीतरी रूळ पुसतंय. हे काम कोणाला दिसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. जागा लहान आहे, गर्दी झाली की मागच्या पोराला पुढच्याचं डोकंच दिसतं. वेळेआधी पोचा.

आता तक्रार. कुठलं विज्ञान केंद्र ते लिहीत नाही, नाव घेऊन कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही मला. सप्टेंबरात गेलो होतो. इमारत प्रशस्त, तिकीट माफक, मुलांना हात लावून बघायची उपकरणं ढीगभर. त्यातली निम्मी बंद. बटण दाबावं तर काही होत नाही, किंवा बटणाच्या जागी नुसतं भोक. काहींवर ‘दुरुस्तीचे काम चालू आहे’ असा कागद, आणि त्या कागदाचाच रंग उडालेला.

तिथे हाताने फिरवायचा एक डायनॅमो होता. मूठ फिरवा, समोरचा बल्ब पेटतो. नातवाने जीव खाऊन फिरवलं, बल्ब काही पेटेना. तो माझ्याकडे असा बघत होता जणू त्याच्याच हातून काहीतरी मोडलं. मी मूठ हातात घेतली. सायकलच्या हवेतल्या चाकासारखी हलकी फिरत होती. तिथेच कळलं. डायनॅमोला भार असला की मूठ जड लागते, कारण बल्बात जाणारी वीज तुमच्याच दंडातून येते. मूठ हलकी म्हणजे करंट कुठेच वाहत नाही, सर्किट तुटलंय. बल्ब गेला असेल, वायर निघाली असेल, नाहीतर कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट बाहेर आणणारा तुकडा, झिजला असेल. दहा मिनिटांचं काम. माझा पाना-पक्कड घरी होता, आणि असता तरी त्यांनी हात लावू दिला नसता म्हणा.

ड्युटीवरच्या मुलाला सांगितलं. तो बिचारा कंत्राटी, त्याला उपकरण उघडायची परवानगी नाही. ‘वर कळवलंय, काका.’ आमच्या वर्कशॉपमध्येही हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलं आणि दहा वर्षं बोललो, त्यामुळे त्याच्यावर रागावता आलं नाही. पण विज्ञान केंद्रात बंद पडलेलं उपकरण हे बंद पडलेल्या बसपेक्षा वाईट. बस बंद असली तर माणूस दुसरी पकडतो. पोराला मात्र वाटतं, विज्ञान असंच असतं, पुस्तकात चालतं आणि हातात चालत नाही.

डिसेंबरात मुंबई केली. सकाळच्या गाडीने दादर, तिथून लोकलने भायखळा. राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठी खुलं आहे. बुधवारी बंद असतं, लक्षात ठेवा. आतले बिडाचे खांब मी हाताने ठोकून बघितले, पहारेकऱ्याने हटकलं. त्याचं बरोबर होतं. मातीच्या छोट्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतले लोक दाखवलेत, कोणाची पगडी कशी आणि धंदा काय. पोरांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. ‘म्हणजे क्रेनवाल्याचं ओव्हरलोड झालं,’ मी म्हटलं. नातीला ही गोष्ट इतकी आवडली की परतीच्या गाडीत तिने ती शेजारच्या बाईंना दोनदा सांगितली. त्याच दिवशी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्रही करायचं होतं, पण वर लिहिलेला नियम आठवला. पुढच्या खेपेला.

फेब्रुवारी सगळ्यात भारी. २८ फेब्रुवारी म्हणजे विज्ञान दिन, १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला. त्या दिवशी आयुका, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, सगळ्यांसाठी खुली असते. रांग लांब, ऊन कडक, टोपी आणि पाण्याची बाटली न्या. अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आईन्स्टाईन यांचे पुतळे आहेत आणि तिथे फोटोसाठी झुंबड असते. आम्ही गेलो फूकोच्या लंबकाकडे. गोळा आपला एका रेषेत झुलतो, खालची जमीन पृथ्वीबरोबर फिरते, म्हणून ती रेषा हळूहळू सरकल्यासारखी दिसते. ध्रुवावर हा फेरा २४ तासांत पुरा झाला असता, विषुववृत्तावर रेषा हललीच नसती. पुण्यात लागतात साधारण ७५ तास. म्हणजे ताशी पावणेपाच अंश. पाच मिनिटं उभं राहून काहीच दिसत नाही आणि बहुतेक लोक पाच मिनिटांत निघून जातात. आम्ही कडेची एक खूण धरून ठेवली, पुऱ्या-भाजी खाऊन तासाभराने परत आलो. सरकली होती. नातू म्हणाला, ‘आबा, कोणी ढकलली?’ मी म्हटलं, ‘तूच. तू उभा होतास ती जमीन फिरली.’ त्याला पटलं नाही. मलाही चौथीत पटलं नव्हतं.

तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली. इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतल्या एका ताऱ्याचं, आणि त्यात ‘पुल’ही आलेच. अरविंद गुप्तांनी अनेक वर्षं इथे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवलं. तशीच एक मोटार नातीने घरी केली: एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टीपिना आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. पहिल्या खेपेला वेटोळं नुसतं डुगडुगलं. तिने तारेच्या दोन्ही टोकांचं लुकण सगळीकडून खरवडलं होतं. एका टोकाचं अर्ध्याच बाजूने काढायचं असतं, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात करंट मिळतो आणि अर्ध्यात तुटतो, मग वेटोळं पुढे जातं. मी काही बोललो नाही. तिने तीन वेटोळी वाया घालवली आणि चौथं फिरवलं. तेव्हा मी माझी जुनी पेटी उघडून तिला स्टार्टरचा झिजलेला कार्बन दाखवला. तेच काम, फक्त मोठं.

दुसऱ्या दिवशी खोडद. नारायणगावजवळ, जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही एकत्र, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. विज्ञान दिनाला जोडून इथे शाळा-कॉलेजांचं प्रदर्शन भरतं. मोबाइल बंद करायला लावतात, कारण आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात की खिशातला फोन त्यापुढे बोंब मारतो. तबकडी पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. लहरींची लांबी भोकांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून त्यांना जाळी सलग आरशासारखी वाटते. वारा मात्र आरपार जातो. वाऱ्याचा दाब कमी, म्हणून सांगाडा हलका, म्हणून खर्च कमी. तीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाने अशा कामाला हात जोडायचे नाहीत तर कशाला? परतताना रस्त्यावर द्राक्षं घेतली. पाच तारे, द्राक्षं धरून.

आणि गेल्या रविवारी आम्ही परत त्या नाव न घेतलेल्या विज्ञान केंद्रात गेलो. हट्ट नातीचा. काही उपकरणं चालू झाली होती, खोटं कशाला बोलू. डायनॅमोवर मात्र तोच कागद. नातवाने लांबूनच नाक मुरडलं. नातीने मूठ धरली, दोन फेरे दिले, थांबली, खाली वाकून जाळीतून आत डोकावली.

‘हलकी फिरतेय, आबा. बल्बची तार दिसतेय शाबूत. कार्बनच असणार.’

दाराशी अभिप्रायाची वही होती. लोकांनी लिहिलं होतं, ‘खूप छान’, ‘मुलांना आवडले’, ‘पंखे लावा’. तिने खाली लिहिलं: डायनॅमोचा कार्बन बदला, कृपया. आणि शेजारी, न विचारता, माझा फोन नंबर.