प्लास्टिकचा जिओबोर्ड: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जिओबोर्डची, म्हणजे खुंट्यांना रबरबँड अडकवून भूमितीच्या आकृत्या करायच्या पाटीची, कोपऱ्यातली खुंटी तुटली आणि दुकानदाराने "मुलांनी दांडगाई केली असेल" म्हणत हात वर केले. म्हणून हे लिहितेय. भांडुपला घरीच सातवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. जूनपासून पाच बाय पाच खुंट्यांचा हा बोर्ड रोज मुलांच्या हातात आहे.

कोपऱ्याची एक खुंटी गेली की सगळ्यात मोठा चौरस बसतच नाही, मग बाकीच्या चोवीस शाबूत असून उपयोग काय? रबराचा ताण कोपऱ्यावरच जास्त येतो आणि नेमकं तिथलं प्लास्टिक पोकळ! सोबतचे रबरबँड आपल्या दमट हवेत दिवाळीआधीच चिकट होऊन तुटले. शिवाय बोर्ड अपुरा. परिमिती 12 ठेवून क्षेत्रफळ कसं बदलतं ते दाखवायचं, तर 3×3 आणि 2×4 बसतात, क्षेत्रफळ 9 आणि 8. पण 1×5 बसत नाही, एका ओळीत घरंच चार. 9 वरून 5 वर घसरलेलं पाहिल्याशिवाय मुलांना ते पटत नाही.

परतच करणार होते. मग सातवीतल्या एका मुलीने तिरका चौरस लावला. "बाई, शेजारच्याच खुंट्या आहेत, बाजू एक, म्हणजे क्षेत्रफळ एक." मी म्हटलं, आतले तुकडे मोज. चार अर्धी घरं निघाली, म्हणजे दोन. ती बोर्डाकडे बघत राहिली, मग पट्टी लावून तिरकं अंतर स्वतःच मोजलं. जास्त भरलं. क्षेत्रफळ दोन, म्हणजे बाजू दोनाचं वर्गमूळ; ते इतकं हाताशी आलेलं मी फळ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

बोर्डाच्या मागच्या बाजूचं 12 खुंट्यांचं वर्तुळ तर अप्रतिम. व्यासाच्या दोन टोकांना रबर अडकवा, तिसरं टोक हव्या त्या खुंटीवर न्या. तिथे गुण्याचा काटकोन चपखल बसतो. दहावीच्या मुलांनी उरलेल्या दहाही खुंट्या तपासल्या आणि "असं का?" विचारलं. अर्धवर्तुळातल्या काटकोनाच्या प्रमेयाची सिद्धता त्या दिवशी त्यांनीच मागून घेतली.

तेव्हा एकच घ्या, वर्तुळासाठी. चौरसांसाठी प्लायवूडच्या तुकड्यावर आलेख कागद चिकटवून दर 2 सेंमीवर छोटे खिळे ठोका, सात बाय सात. माझा तसाच आहे, 1×5 आरामात बसतो. शिकवणी संपली की रबर काढून डब्यात ठेवा. आणि बनवणाऱ्यांनी सुट्या खुंट्या विकायला ठेवाव्यात, त्या मिळाल्या तर मी आणखी बोर्ड घेईन.