शहागंजातील जुन्या वस्तूंचे दुकान : विलायती मृत्पात्रांसाठी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातील जुन्या वस्तूंच्या एका दुकानात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नक्षीदार विलायती मृत्पात्रे अधूनमधून येतात, ही मराठवाड्यातील संग्राहकांची मोठीच सोय आहे. तेथील बिदरी सुरया सामान्य आहेत. पाहावी ती मूरक्रॉफ्ट या इंग्रजी कारखान्याची डाळिंबांच्या नक्षीची गडद निळी फुलदाणी. पातळ मातीच्या उंचावलेल्या रेषांनी आकृती आखून मधल्या जागेत रंग भरण्याची या कारखान्याची रीत बोटांनाही जाणवते, आणि फळांचा लाल रंग ज्या सहजतेने जांभळ्यात उतरतो, ते पाहून हात आपोआप खिशाकडे जातो. मालक मात्र तिला १९१० सालची म्हणतात. नक्षी त्याच सुमाराची आहे हे खरे. परंतु तळावरील शिक्क्यात राणीचे कुंभार असल्याचा उल्लेख आहे आणि तो मान कारखान्याचे संस्थापक विल्यम मूरक्रॉफ्ट यांना १९२८ मध्ये मिळाला, तेव्हा वस्तू त्याआधीची असणे शक्य नाही. भावाची घासाघीस याच मुद्द्यावर करावी. तळ निवांत तपासू देण्याइतके सौजन्य येथे आहे. तरी काठाचा टवका बुजवून वर रंग दिला आहे का, हे पाहण्यासाठी अतिनील किरणांची विजेरी सोबत न्यावी, कारण दुकानातील उजेड फारच मंद आहे.