24 दातांचं रिप (लाकूड उभं चिरायचं) ब्लेड, आठ महिने वापरल्यावर

टेबल सॉ (टेबलातून गोल ब्लेड वर येतं ते करवत-मशीन) सोबत जे 60 दातांचं ब्लेड आलं होतं तेच मी सगळ्याला वापरायचो, तंतूंना छेदणारा आडवा काप, तंतूंच्या दिशेने उभा काप, प्लाय, काहीही. दात जास्त म्हणजे काप गुळगुळीत एवढंच डोक्यात. प्लायसाठी ते खरंही आहे. मग एकदा दोन इंच जाडीचा शिसम उभा चिरायला घेतला आणि निम्म्यातच मोटरचा आवाज बसला, धूर निघाला, जळका वास, फळीची कड पूर्ण काळी. ते काळं रंध्याने काढेपर्यंत हातकरवतीनेच चिरलं असतं तर बरं असं वाटलं (नसतं झालं बरं, पण राग आला होता).

दोष ब्लेडचा नव्हताच, कामाला चुकीचं ब्लेड लावलं होतं. 10 इंची ब्लेडवर 60 दात म्हणजे दोन दातांत जेमतेम 13 मिमी अंतर, 24 दात असले की तेच 33 मिमी होतं. उभं चिरताना बारीक भुसा कमी आणि लांब लांब तंतू जास्त निघतात, ते दातांमधल्या खाचेत मावले नाहीत की तिथेच कोंबले जातात, मग दात कापायचं सोडून घासत बसतात आणि लाकूड भाजतं. म्हणून 24 दातांचं, सपाट माथ्याच्या कार्बाइड दातांचं, हूक अँगल (दात पुढे झुकल्याचा कोन) 20 अंश असलेलं घेतलं. मोटर लहान आहे म्हणून 3.2 ऐवजी 2.4 मिमी रुंदीचा काप घेणारं पातळ ब्लेड.

आणि इथे माती खाल्ली. पहिल्याच फळीला लाकूड ब्लेडच्या मागे जाऊन अडकलं, पुढे ढकलेना, मागे येईना. मशीन बंद करून बघतो तर मागचा रायव्हिंग नाइफ (चिरलेल्या दोन बाजू मिटू नयेत म्हणून ब्लेडमागे असलेली पट्टी) 2.5 मिमीचा, म्हणजे कापापेक्षाच जाड! तो कापापेक्षा पातळ आणि ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड असावा लागतो. माझ्या ब्लेडचा पत्रा 1.8, त्यामुळे 2 मिमीचा नाइफ मागवावा लागला आणि तोवर ब्लेड नुसतं पडून. नाइफ काढून काम उरकायचा मोह झालेला पण हार्डवूडमध्ये आतला ताण सुटला की चिरलेल्या दोन बाजू मिटतात आणि मागून ब्लेडला आवळतात, फळी सरळ तुमच्या पोटावर येते. घेण्याआधी काप, पत्रा, नाइफ हे तीन आकडे आणि मधल्या भोकाचं माप एवढं तरी बघून घ्या.

नाइफ बदलल्यावर मात्र फरक जबरदस्त. तोच शिसम, तीच मोटर, न थांबता पार. काप आरशासारखा नाही येत, दातांच्या रेघा दिसतात, पण रंध्याचे एकदोन हात मारले की फळी जोडायला तयार. ब्लेड एवढंच वर ठेवतो की खाचा लाकडाच्या वर जेमतेम दिसतील. एक बोनस म्हणजे माथा सपाट असल्याने खोबणीचा तळही सपाट मिळतो.

तक्रार आहेच. तीन इंचाच्या आसपास गेलं की पातळ ब्लेड किंचित भरकटतं, घाई केली की जास्तच. मोटर दमदार असेल तर 3.2 चंच घ्या. आडव्या कापाला आणि प्लायला हे लावू नका, कडेच्या चिरफळ्या उडतात. मायटर सॉवर (ब्लेड वरून खाली आणून आडवं कापायचं मशीन) तर अजिबातच नको, एवढ्या हूकने ते लाकूड स्वतःकडे ओढतं.

पाचव्या महिन्यात लाकडावर परत जळके डाग पडायला लागले तेव्हा वाटलं धार गेली, कारण मध्ये सागवान बरंच चिरलं होतं आणि सागातली सिलिका धार खाते. पण काढून बघितलं तर दातांच्या बाजूला राळ चिकटून काळी पडलेली. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून अर्धा तास ठेवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, निम्मे डाग तिथेच गेले. उरलेले फेन्समुळे (फळी टेकवून सरकवायची बाजूची सरळ पट्टी) होते, मागच्या टोकाला ब्लेडकडे केसभर झुकलेला, तो सरळ केला आणि झालं.

आता आठव्या महिन्यात खरंच धार उतरलीय, ढकलायला जोर लागतो. धारेला दिलंय (कार्बाइडला डायमंड व्हील लागतं, घरच्या कानसीने काही होत नाही), देताना माथा सपाटच ठेवा असं दोनदा बजावलंय. तोवर परत ते 60 वालं चढवलंय, एक इंची पट्ट्या हळूहळू चिरतोय आणि वास आलाच परत.