दोन पावसाळ्यांत सायकलच्या तीन गिअर वायरी: दुखणं होतं आउटरच्या शेवटच्या तुकड्यात

जूनच्या शेवटी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सायकलचा गिअर पुन्हा अडकला. कारण सापडल्याशिवाय नवीन काही विकत घ्यायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं.

लक्षण नीट सांगतो, कारण मी ते आधी ओळखलं असतं तर पैसे वाचले असते. मोठ्या कॉगवर, म्हणजे मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चक्रावर, चेन पटकन चढायची. लहान कॉगवर उतरताना मात्र रेंगाळायची. चढवताना वायर आपण अंगठ्याच्या जोराने ओढतो, पण उतरवताना ती परत खेचायला फक्त डिरेलरची (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग असते. आउटरमध्ये, म्हणजे वायरीवरच्या बाहेरच्या आवरणात, घाण साचली की स्प्रिंगचा जोर पुरत नाही. दुकानात मला 'स्प्रिंग गेली, अख्खा डिरेलर बदला' असं सांगितलं. मी ठाम नकार दिला आणि ते बरंच झालं.

गेल्या वर्षी याच त्रासापायी अठराशे रुपयांचा कोटेड वायरचा सेट घेतला होता. पहिले दोन महिने इतका हलका चालला की मित्रांनाही तोच घ्यायला लावला. ते मत आता मागे घेतो. वळणांवर कोटिंग सोलून निघालं आणि त्याचे तंतू आउटरमध्ये अडकले. साधी गुळगुळीत स्टेनलेस वायर, १.१ किंवा १.२ मिमीची, अगदी पुरेशी आहे.

खरं दुखणं मागच्या डिरेलरजवळच्या आउटरच्या वळलेल्या तुकड्यात होतं. माझ्या फ्रेमवर मधे वायर उघडीच असते. मुरमाचं गढूळ पाणी तिच्यावरून ओघळत थेट त्या वळणात उतरतं आणि तिथेच बसतं. तो तुकडा कापून पाहिला, आत नुसता गाळ! वायर कितीही महागाची घाला, हा गाळ तिला धरणारच.

आता शिफ्टरपासून (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यापासून) डिरेलरपर्यंत ४ मिमीचा अखंड आउटर टाकून झिप टायने फ्रेमला बांधलाय. अख्खा पावसाळा गेला, एकदाही अडकला नाही. कापताना साधी पक्कड वापरू नका, तोंड चेपतं. केबल कटरने कापा, कानस मारून तोंड सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी दाभणाने मोकळी करा आणि मगच आउटरच्या टोकाला कॅप बसवा. माझी पहिली वायर या चेपलेल्या तोंडानेच खाल्ली होती.

उरलेला तुकडा वाया जाऊ नये म्हणून ब्रेकला मात्र लावू नका. गिअरच्या आउटरमधल्या तारा सरळ, लांबीच्या दिशेने असतात. ब्रेक जोरात दाबला तर असा आउटर फाटू शकतो. ब्रेकसाठी गुंडाळलेल्या पट्टीचा ५ मिमीचा आउटरच घ्या.