ताग्यातलं कॉटन की हाताने छापलेलं लिनन? ऑस्ट्रेलियन आदिवासी कापड घेताना

एकीकडे मध्य ऑस्ट्रेलियातल्या चित्रकारांची चित्रं परवान्याने छापलेलं क्विल्टिंगचं कॉटन. दुसरीकडे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधल्या मानिंग्रिडाच्या बाब्बारा महिला केंद्रातलं, स्क्रीनने (जाळी ताणलेल्या चौकटीतून रंग ओढून) किंवा लिनोने (कोरलेल्या ठशाने) हाताने छापलेलं कापड. तिवी बेटांवरचं तिवी डिझाइन्सचं कापडही याच जातीचं. दोन्हींकडे विषय ‘कंट्री’चाच, म्हणजे नुसता देखावा नव्हे, आपल्या कुळाची जमीन, पाणी, पूर्वज आणि ते सांभाळायची जबाबदारी.

गोधडी शिवायची असेल तर कॉटन घ्या, त्यात वाद नाही. पन्हा ११२ सेंटीमीटर, वीण घट्ट, आणि कमी पडलं तर तोच रंग पुन्हा मिळायची आशा असते. कलाकाराचं नाव बहुधा काठावर असतं, तो काठ कातरून टाकू नका.

हाताने छापलेल्याचे नखरे जास्त. रंग दर खेपेला नव्याने कालवतात, त्यामुळे पुढच्या खेपेचा गेरू जरा वेगळाच निघतो. लागेल तेवढं एकदमच घ्यावं. लिनन आटतं: मीटरमागे ५ सेंटीमीटर जास्त धरा, बेतण्याआधी धुऊन घ्या. पिगमेंटचा थर कापडाच्या वर बसतो, म्हणून शिवण उसवली की सुईची भोकं तशीच राहतात. इस्त्री उलट्या बाजूने. आणि किंमतही बरीच जास्त.

तरी माझं पारडं तिकडेच झुकतं, ते एका कटकटीमुळे. कॉटनवरचं चित्र मुळात कॅनव्हासचं. ते पन्ह्यात बसवायला लहान केलेलं असतं. हातात धरलं तर ठिपका न् ठिपका मोजता येतो. पण त्याचा कुडता घालून कोणी चार पावलांवर उभं राहिलं, की पाणवठे, वाळूच्या टेकड्या, वाटा सगळं एकजीव होतं आणि नुसते ठिपके शिंपडल्यासारखं दिसतं.

बाब्बाराचा छाप कापडासाठीच काढलेला असतो. ‘मंजाबू’ घ्या, म्हणजे मासे धरायचा वेलींचा शंकूसारखा सापळा: रंग एक-दोनच, मधे मोकळं कापड, वेलींची वीण स्पष्ट. पडद्याच्या चुण्यांतही सापळा सापळाच राहतो.

स्क्रीनने छापताना कापडावर एका चौकटीएवढी जागा सोडून पुढची छापतात, ती वाळल्यावर मधल्या जागा भरतात. त्या जोडावर कधी केसाएवढी गडद रेघ उमटते. ती खटकत असेल तर कॉटनच बरं. मी ती शिवणीत दडवत नाही, दर्शनी बाजूला ठेवतो.