नुसते ‘डिजिटल’ लिहिलेला सेट-टॉप बॉक्स घेण्यापूर्वी

अ‍ॅनालॉग या जुन्या पद्धतीचे टीव्ही प्रक्षेपण बंद होऊन डिजिटल येणार ही बातमी खरी होती, आणि त्या खरेपणाच्या आडूनच आमची फसवणूक झाली. दारावर आलेल्या विक्रेत्याने सांगितले की, जुन्या टीव्हीला सेट-टॉप बॉक्स लागेल आणि छपरावरच्या अँटेनाच्या जागी ‘डिजिटल अँटेना’ बसवावा लागेल. बॉक्सचे म्हणणे बरोबर होते, कारण डिजिटल ट्यूनर, म्हणजे डिजिटल प्रक्षेपण पकडणारा भाग, नसलेल्या टीव्हीला तो लागतोच. अँटेनाची गोष्ट मात्र निव्वळ थाप होती. अँटेना ठरावीक पट्ट्यातल्या रेडिओलहरी पकडतो. त्या लहरींतून येणारे चित्र अ‍ॅनालॉग आहे की डिजिटल, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नवे प्रक्षेपण त्याच पट्ट्यात असेल आणि अँटेना धड असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही. आमचा उत्तम अँटेना त्याने भंगार म्हणून उतरवून नेला, याचा संताप अजून जात नाही.

खरी चलाखी बॉक्सची होती. त्याने अँटेनाची केबल बॉक्समधून टीव्हीला जोडली, चित्र दाखवले आणि पैसे घेतले. पण ते चित्र बॉक्सचे नव्हतेच. अनेक बॉक्सना आत आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे सोडणारी जोडणी असते, आणि अ‍ॅनालॉग प्रक्षेपण तोवर चालू असल्याने तेच टीव्हीवर दिसत होते. ते बंद झाल्यावर पडद्यावर काहीच येईना. तेव्हा विक्रेत्याने सिग्नल कमकुवत असल्याचे सांगून वर सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. डिजिटल सिग्नल कमी पडला तर चित्राचे चौकोन पडतात, ते मध्येच गोठते, एखादी वाहिनी येते आणि जाते. आमच्या बॉक्सला मात्र शोध घेऊनही एकही वाहिनी सापडत नव्हती. तो डीव्हीबी-टी या अँटेनावरच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या जुन्या मानकाचा (ठरवून दिलेल्या तांत्रिक पद्धतीचा) होता आणि प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ या नव्या मानकात होते, जे जुन्या बॉक्सला वाचताच येत नाही, तेव्हा कितीही अ‍ॅम्प्लिफायर लावले तरी उपयोग नव्हता.

म्हणून विक्रेत्यासमोरच बॉक्सच्या स्वतःच्या मेनूतून वाहिन्यांचा शोध घ्यायला लावा आणि सापडलेल्या यादीतली वाहिनी लावून पाहा. ‘आजच घ्या, उद्यापासून काही दिसणार नाही’ या घाईलाही बळी पडू नका. अमेरिकेत तर अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद करण्याची ठरलेली तारीख १७ फेब्रुवारी २००९ वरून १२ जून २००९ पर्यंत पुढे गेली होती. आणि पावतीवर मानकाचे नाव लिहून घ्या. आमच्या पावतीवर ‘डिजिटल सेट-टॉप बॉक्स’ एवढेच शब्द होते, आणि तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने तीच पावती पुढे करून सांगितले की, लिहिल्याप्रमाणे डिजिटल बॉक्सच दिलेला आहे.