ऑपरेशनची तारीख ठरली. आता श्रोथ की साधा व्यायाम?

मुलीच्या पाठीचा बाक (स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकणं) ५० अंशांच्या पुढे गेलाय, सर्जननी फ्यूजन, म्हणजे कणा सरळ करून मणके एकमेकांना जोडण्याचं ऑपरेशन सांगितलंय आणि तारीख दोन-तीन महिन्यांवर आहे. मधल्या काळात काय करायचं?

श्रोथ ही अशा बाकासाठीच्या खास व्यायामांची पद्धत, मूळची जर्मनीतली, १९२० च्या दशकात काथारिना श्रोथ यांनी सुरू केलेली. त्यांना स्वतःलाच स्कोलिओसिस होता. आरशासमोर बसून आपला बाक ओळखायचा आणि छातीच्या दबलेल्या भागात मुद्दाम श्वास भरायचा. पद्धत चांगली, पण शिकलेला फिजिओ हवा, फी आणि खेटे आलेच. शिवाय तिचा खरा उपयोग लहान-मध्यम बाकाला, तोही उंची वाढत असताना. ऑपरेशन टळेल या आशेनं आता क्लास लावू नका.

साधा कार्यक्रम दिसायला किरकोळ वाटतो: तीन बॉलचा स्पायरोमीटर (जोरात श्वास ओढून बॉल वर उचलायचं छोटं साधन), रोज भरभर चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. मला मात्र हाच जास्त कामाचा वाटतो. मोठ्या बाकामुळे छातीतली जागा आधीच कमी झालेली असते. त्यात ऑपरेशननंतर दुखतं म्हणून मुलं वरवर श्वास घेतात आणि कफ साठतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उभं करतात, तेव्हा पाठ न पिळता ओंडक्यासारखं कुशीवर वळून उठावं लागतं. ते घरच्या पलंगावर आधीच जमलेलं असलं तर भीती निम्मी होते. किशोरवयीन मुलांमध्ये या तयारीवर संशोधन फार झालेलं नाही, हेही खरं. पण तोटा जवळपास नाही.

‘ऑपरेशन आहे, आता हलू नकोस’ हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला प्रेमाचा असला तरी त्यानं दमच कमी होतो. पायात बधिरपणा, अशक्तपणा किंवा लघवीवर ताबा नसणं असं काही असेल तर मात्र व्यायाम थांबवून आधी सर्जनना गाठा.

श्रोथ आधीपासून चालू असेल तर सोडू नका, त्यातला श्वासाचा भाग उपयोगीच पडेल. आणि बाक ३०-३५ अंशांचा, वाढ बाकी असेल तर प्रश्नच वेगळा. तिथे ब्रेसचा, म्हणजे बाक वाढू नये म्हणून धडाला घालायच्या कडक पट्ट्याचा विचार आधी. २०१३ च्या मोठ्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीत ब्रेस घातलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला तर हॉस्पिटलला लगेच कळवा, तारीख पुढे ढकलावी लागू शकते.